‘लिगंडमुळे ताण-वारंवारता घटते’: कोणत्या बंधाची?

विचारणा
धातुसंकुलांच्या अवरक्त वर्णपटावरच्या एका टिपणात ‘लिगंड प्रबळ असेल तर ताण-वारंवारता घटते’ असं वाक्य आहे (लिगंड म्हणजे धातूला जोडलेला रेणू किंवा आयन; ताण-वारंवारता म्हणजे बंध लांबतो-आखडतो त्या कंपनाची वारंवारता). त्याच टिपणात पुढे ‘प्रबळ लिगंडमुळे वारंवारता वाढते’ असंही आहे. यातलं बरोबर कोणतं? आणि बॅकबाँडिंगला, म्हणजे धातूने लिगंडला इलेक्ट्रॉन परत देण्याला, ‘प्रतिबंधन’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर
दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. वारंवारता कोणत्या बंधाची, आणि लिगंड प्रबळ कशात, इलेक्ट्रॉन देण्यात की घेण्यात, हे दोन्ही गाळलं आहे.

कार्बोनिल, म्हणजे धातूला जोडलेला कार्बन मोनॉक्साइड, घेऊन पाहू. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा शोषण-पट्टा २१४३ सेंमी⁻¹ला येतो. निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये तो २०६०च्या आसपास असतो. तेवढेच इलेक्ट्रॉन असलेल्या कोबाल्टच्या टेट्राकार्बोनिल ऋणायनात तो १८९०च्या जवळ येतो आणि लोहाच्या द्विऋणायनात १७९०पर्यंत उतरतो. लिगंड तिन्हीकडे तोच, संख्याही तीच. ऋणभार वाढला की धातू आपल्या डी कक्षकांतले इलेक्ट्रॉन कार्बोनिलच्या बंधविरोधी पाय कक्षकात जास्त सोडतो आणि कार्बन-ऑक्सिजन बंध सैल पडतो. त्याच वेळी धातू-कार्बन बंध मात्र घट्ट होतो. म्हणजे एकाच कारणाने एक वारंवारता घटते आणि दुसरी वाढते. बंधाचं नाव न घेता लिहिलेल्या वाक्यातून वाचणाऱ्याने यातलं काय समजायचं?

आता शेजारी लिगंड. हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण पट्टा देणारा लिगंड एक आणि तो पट्टा हलवणारा दुसरा, ही गल्लत फार होते. टोलमन यांनी निकेल ट्रायकार्बोनिलवर एकेक फॉस्फिन बसवून, डायक्लोरोमिथेनमध्ये, पूर्ण सममित (ए-१) कार्बोनिल पट्टा मोजला. ट्राय-टर्ट-ब्यूटिल फॉस्फिनला २०५६.१, ट्रायमिथिलला २०६४.१, ट्रायफिनिलला २०६८.९, ट्रायफिनिल फॉस्फाइटला २०८५.३ आणि फॉस्फरस ट्रायफ्लुओराइडला २११०.८. पहिला देण्यात प्रबळ आहे, म्हणून धातू श्रीमंत होतो आणि कार्बोनिलला जास्त देतो. शेवटचा घेण्यात प्रबळ आहे. धातूकडचं तोच ओढून घेतो आणि कार्बोनिलच्या वाट्याला कमी येतं. टिपणातली दोन्ही वाक्यं इथेच भेटतात. ती अशी लिहावीत: ‘शेजारी लिगंड दाता असेल तर कार्बन-ऑक्सिजन बंधाची ताण-वारंवारता घटते, तो पाय-ग्राही असेल तर वाढते.’

‘प्रतिबंधन’बद्दल
हा शब्द टाळावा. मराठीत प्रतिबंध म्हणजे मज्जाव, त्यामुळे वाचणाऱ्याला बंध होऊ दिला नाही असं वाटेल. ‘परतदान’ चांगला आहे, कारण तो ‘दान’ शब्दाशी जोडी जमवतो: लिगंडकडून धातूला सिग्मा दान, धातूकडून लिगंडला पाय परतदान. नाहीतर सरळ बॅकबाँडिंग लिहा, सगळ्यांना कळतं.

ही जोडी नीट धरली की आणखी एक चूक टळते. ‘धातूला जोडला की कार्बोनिलचा पट्टा उतरतो’ हे नेहमी खरं नाही. चांदीच्या धनायनावर परतदान जवळजवळ होतच नाही, आणि तिथे पट्टा २२०४ला, म्हणजे मोकळ्या रेणूच्याही वर सापडला आहे. सायनाइडचंही तसंच. मोकळा आयन २०८०, पोटॅशियम फेरिसायनाइडमध्ये साधारण २११८, फेरोसायनाइडमध्ये मात्र २०४४च्या आसपास.

थोडी दुरुस्ती
सेंमी⁻¹मध्ये दिलेला आकडा काटेकोरपणे ‘तरंगसंख्या’ आहे. २००० सेंमी⁻¹ म्हणजे सुमारे ६ × १०¹³ हर्ट्झ. बोलताना वारंवारता म्हणा, तक्त्याच्या मथळ्यात तरंगसंख्या लिहा. ‘पट्टा वर गेला’ हेही टाळा. पारगमनाच्या आलेखात पट्टे खाली लोंबतात आणि अक्ष बहुधा डावीकडे ४०००पासून सुरू होतो, त्यामुळे ‘वर’ म्हणजे नेमकं कुठे ते कळत नाही. ‘जास्त तरंगसंख्येकडे सरकला’ हे स्पष्ट आहे.

मोजणाऱ्यांसाठी
वरच्या यादीत ट्रायमिथिल आणि ट्रायफिनिल यांत फक्त ४.८चा फरक आहे. उपकरण ४ सेंमी⁻¹ विभेदनावर (जवळचे पट्टे वेगळे दाखवण्याच्या क्षमतेवर) ठेवलं तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. १ किंवा २वर ठेवा. द्रावक बदलला तरी एवढा फरक सहज पडतो, म्हणून एका नमुन्याचा हेक्झेनमधला आकडा दुसऱ्याच्या डायक्लोरोमिथेनमधल्या आकड्याशेजारी ठेवू नका. कार्बोनिल पट्टे फार तीव्र असतात. ०.१ मिमीच्या सेलमध्ये लिटरला काही मिलिमोल द्रावण बहुधा पुरतं. जास्त घातलं तर पट्ट्याचं टोक सपाट होतं आणि जागा चुकीची वाचली जाते.

तुलना एकाच प्रकारच्या पट्ट्यांची हवी. अष्टफलकीय ट्रायकार्बोनिलच्या फॅक रूपाला (तिन्ही कार्बोनिल एकाच फलकावर) दोन पट्टे येतात, मेर रूपाला (तिन्ही धातूतून जाणाऱ्या एकाच प्रतलात) तीन. फॅकचा एक आणि मेरचा दुसराच पट्टा घेऊन ‘लिगंडमुळे सरकला’ म्हणणं चूक, तिथे रचनाच बदललेली असते.

पोटॅशियम ब्रोमाइडची चकती (१–२ मिग्रॅ नमुना, १००–२०० मिग्रॅ मीठ) सोयीची असते, पण दाबताना क्लोराइड लिगंडच्या जागी ब्रोमाइड शिरू शकतो. असा संशय आला तर तोच नमुना नुजोलमध्ये (खनिज तेलात) घोटून पाहा.

आणखी एक विचारणा
थायोसायनेट नायट्रोजनने जोडलाय की गंधकाने, हे पाहायला सेलला कॅल्शियम फ्लुओराइडच्या खिडक्या (किरण जाण्याच्या पारदर्शक चकत्या) चालतील?

उत्तर
नाही. तिथे कार्बन-गंधक पट्टा लागतो: नायट्रोजनने जोडलेल्यात ७८०–८६०, गंधकाने जोडलेल्यात ६९०–७२०. कॅल्शियम फ्लुओराइड सुमारे ११००च्या खाली अपारदर्शक होत जातो. पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या घ्या, आणि डायक्लोरोमिथेन टाळा, कारण त्याचा स्वतःचा रुंद पट्टा ७४०च्या आसपास असतो.