दहा बिऱ्हाडांची जुनी इमारत: दुरुस्त करायची की पाडायची?

पांझराकाठ (धुळे):
आमची इमारत आग्रा रोडपासून जवळच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, तळमजला धरून तीन मजली. आजोबांच्या काळात दहाही बिऱ्हाडं भाडेकरू होती. मालकाने विकायला काढल्यावर सगळ्यांनी पैसे उभे केले, सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली आणि इमारत घेतली. आता निम्मे सभासद म्हणतात, पाडून नवी बांधू. माझा विरोध आहे. भिंती दीड फुटाच्या, वीट-चुन्याच्या, छत उंच. मे महिन्यात देवपुरात बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये रात्री अकरालाही भिंत गरम लागते, आमच्याकडे भर दुपारी मधल्या खोलीत फरशीवर झोपता येतं. सागवानी चौकटी अजून सरळ आहेत. मी इथेच जन्मलो, जीव अडकलाय हे मान्य. तरी सांगा, पाडायचं कारण काय?

रावेरकर (जळगाव):
भाऊ, कारण मी भोगलंय. आमचीही अशीच इमारत होती. पहिल्या मजल्यावरच्या सभासदाने हॉल मोठा करायला मधली भिंत काढली. कॉलम-बीमच्या घरात कदाचित निभावलं असतं. इथे भिंतीच भार पेलतात, त्यामुळे वरच्या घराचा आधारच गेला. आमच्या देवघराजवळ बोट जाईल एवढी भेग पडली. एकाने न विचारता घेतलेला निर्णय नऊ घरांना भोवला. आणि म्हातारपणाचा विचार केलाय का? लिफ्ट बसवायला जागा नव्हती. आईला दवाखान्यात नेताना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं, ती डोळे मिटून राहिली होती. ते मी विसरू शकत नाही.

अमळनेरची लेक:
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण बिल्डर येईल कशाला? जुनी इमारत प्लॉटच्या कडेपर्यंत बांधलेली असते. नवीन बांधताना २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा सोडा, पार्किंग द्या. छोट्या प्लॉटवर दहा जुने सभासद बसवून त्याला विकायला उरणार किती? आमच्या नात्यातल्या एका इमारतीत घरं रिकामी झाली आणि काम जोत्यावरच थांबलं. लोक अजून भाड्याने राहतात.

ओळंबा (भुसावळ):
बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चुन्याची इमारत वयाने मरत नाही, पाण्याने आणि वजनाने मरते. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घराने गच्चीवर स्वतःची टाकी ठेवलेली असते. हजार लिटर म्हणजे एक टन. दहा टाक्या, दहा टन, आणि तेही जिथे पाइप जवळ पडेल तिथे. टाक्या खाली घ्या, वर एकच सामाईक ठेवा, तीही भार पेलणाऱ्या भिंतीवर. खिडकीतल्या कूलरचं पाणी भिंतीत मुरू देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं, चुन्यावर सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि आतला चुना भुसभुशीत होतो. चुन्याला चुनाच लावा, काम येणारा गवंडी शोधावा लागेल. पण आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी. तीस वर्षांवरच्या इमारतीला संस्थेच्या उपविधीप्रमाणे (नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी ते करायचं असतं. तुमच्याकडे शेवटचं कधी झालं?

पांझराकाठ:
झालंच नाही. टाक्या मात्र दहा आहेत, आजच मोजल्या.

रावेरकर:
हेच म्हणतोय मी! पैसा कुठून आणणार? सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. तुमची इमारत तेव्हा ४० हजारांत झाली असं धरलं तर सगळ्या इमारतीचे वर्षाला १०० रुपये, घरटी दहा! एवढ्यात एक पाइप बदलत नाही.

ओळंबा:
किमान म्हटलंय. सर्वसाधारण सभा जास्त ठरवू शकते. आजच्या बांधकामाच्या दराने हिशोब धरा.

अमळनेरची लेक:
आणि सभेला माणसं? आपल्या इमारतींमधली निम्मी घरं पुण्याला, सुरतेला, नाशिकला गेलेली असतात. पुनर्विकासाच्या सभेला तर दोन तृतीयांश सभासद लागतात, दहात सात. धुळ्यात राहतात किती जण?

पांझराकाठ:
सहा. सुरतेचा भाऊ दिवाळीला येतो, बाकी तिघं फोनही उचलत नाहीत. वर्गणी वाढवायचं पत्र मी त्यांना आधी पाठवतो.

रावेरकर दादा, तुमच्या आईचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझी आई दुसऱ्या मजल्यावर राहते, गुडघे दुखतात. तळमजल्यावरच्या आप्पांशी घर बदलायचं बोलणं काढलंय. त्यांना गच्ची हवीय, म्हणून ते तयार होतील असं वाटतं. पाडायला मी अजूनही हात वर करणार नाही. पण ऑडिटमध्ये इंजिनिअरने राहण्यालायक नाही असं लिहिलं, तर त्या दिवशी मीच पहिला ट्रंक बाहेर काढीन. रविवारी सभा बोलावली आहे. पहिला विषय टाक्यांचा.

रावेरकर:
मधल्या भिंतींचाही विषय घ्या. लेखी ठराव करून सहाही जणांच्या सह्या घ्या, आणि ऑडिट आल्यावर इथे लिहा.