जुन्या लाकडी न्यायालयांचा शेवट बहुतेक वेळा आगीतच झाला, असे एक मत आहे; ते मला काही अंशी मान्य आहे. परंतु अमेरिकेत अशा इमारतींचे न्यायालयपण अनेकदा काउंटीचे (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) मुख्यालय दुसरीकडे हलल्यामुळेही संपले. इलिनॉयमधील पोस्टव्हिल येथील न्यायालय याचे चांगले उदाहरण आहे. १८४० साली बांधलेल्या या साध्या दुमजली लाकडी इमारतीत, न्यायाधीश आणि वकील एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत फिरून काम चालवत त्या काळात, अब्राहम लिंकन वकील म्हणून उभे राहिले होते. १८४८ मध्ये मुख्यालय माउंट पुलास्कीला गेले आणि इमारत खाजगी वापरात येऊन पुढे राहते घर झाली.

१९२९ मध्ये हेन्री फोर्ड यांनी ती विकत घेतली आणि सुटी करून मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे, आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात पुन्हा उभी केली. दगडी वास्तूच्या बाबतीत हे इतके सोपे झाले नसते. मूळ जागेवर मात्र १९५३ मध्ये प्रतिकृती बांधण्यात आली, त्यामुळे आज अस्सल लाकूड एका राज्यात आणि अस्सल जागा दुसऱ्या राज्यात आहे. 'वापर बदलला की वास्तूचे महत्त्व जाते' असेही काही जण म्हणतात. माझ्या मते घर म्हणून वापर चालू राहिला, म्हणूनच ही इमारत फोर्ड यांच्यापर्यंत टिकली असावी. जागेपासून तिची झालेली ताटातूट मला वापरबदलापेक्षा अधिक गंभीर हानी वाटते.