वादळ गेलं त्या वाटेवर समुद्र गार कसा?

हर्णैचा_पोऱ्या: मे 2021 मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमची बोट आधीच बंदरात आणून बांधली होती. परवा सहज त्या दिवसांचे उपग्रहाचे तापमान-नकाशे उघडले. 16-17 मेला समुद्रावर नुसता पांढरा डाग. पुढच्या आठवड्यात वादळ गेलं त्याच वाटेवर निळा पट्टा. ऐन मे महिन्यात पाणी गार? बाबा म्हणतात, पाऊस पडला म्हणून.

खारंपाणी: पावसाचा वाटा थोडा, खरं काम वाऱ्याचं. तो पाणी घुसळतो, वरचं पाणी बाजूला लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. वादळ रेंगाळलं तर पट्टा आणखी गडद. आपल्या गोलार्धात तो सहसा वाटेच्या उजव्या अंगाला जास्त असतो.

पांढरा डाग म्हणजे ढग. इन्फ्रारेडला, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या उपकरणाला, ढगाखालचं दिसत नाही. मायक्रोवेव्हला दिसतं (जपानी उपग्रहावरचा एएमएसआर-2), पण मुसळधार पावसात तोही आंधळा, आणि किनाऱ्याजवळ जमीन मिसळून आकडा बिघडतो. म्हणजे हर्णैसमोरचं पाणी नेमकं हुकतं! एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी नकाशाच्या रिकाम्या चौकटींत 'माहिती नाही' या खुणेसाठी भरलेला -999 हा आकडा तापमान समजून सरासरी काढली होती. अरबी समुद्र गोठलाच होता माझा.

वाऱ्यावरची_वरात: वारा तर दिसतच नाही, मग उपग्रह तो मोजतो कसा?

खारंपाणी: वारा नाही, पाण्यावरची शिरशिरी मोजतो. झुळूक आली की पाणी काळपट होतं ना, तेच. स्कॅटसॅट-1 (2016) खाली मायक्रोवेव्ह सोडायचा आणि परत किती आले त्यावरून वेग नि दिशा काढायचा. आता ओशनसॅट-3 आहे, नोव्हेंबर 2022 पासून.

मला मात्र उंची मोजणारे उपग्रह जास्त आवडतात, सरल (2013) सारखे. गरम पाणी फुगतं, म्हणून समुद्र कुठे काही सेंटिमीटर वर आला यावरून ऊब किती खोल आहे ते कळतं. ती खोल असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं आणि वादळाचा जोर टिकतो. नुसतं वरचं तापमान बघून हे कळत नाही.

हर्णैचा_पोऱ्या: खालचं पाणी वर आलं म्हणजे मासळी पण?

खारंपाणी: खालचं खत वर येतं, त्यावर शेवाळ वाढतं, रंगाच्या नकाशात ते हिरवं दिसतं. मासळीची हमी मी देणार नाही. शिवाय 1 जूनला मासेमारीबंदी लागलीच होती.

हर्णैचा_पोऱ्या: बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "असेल. पण पाऊस पडला होता."