प्रति: १०९ ची अरुंद चाकं

दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाची चाकं एकमेकांच्या इतकी जवळ ठेवणं ही त्याचा रचनाकार मेसरश्मिटची घोडचूक, असं इथं कुणी म्हटलंय; ते अर्धंच पटलं. उतरताना विमानं कलंडायची, खरंय. पण चाकांचे पाय पंखांऐवजी धडाला जोडल्यामुळे दोन्ही पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभं राहायचं. दुरुस्तीवाल्यांची केवढी सोय!

फोके-वुल्फ १९० हे दुसरं जर्मन लढाऊ विमान घडवणाऱ्या कुर्ट टांकचा हिशेब वेगळा. पहिल्या महायुद्धात गडी घोडदळात होता. १०९ आणि ब्रिटिशांचं स्पिटफायर त्याच्या मते शर्यतीची घोडी. त्याला हवा होता खडबडीत मैदानावर टिकणारा लष्करी घोडा. म्हणून फोके-वुल्फ १९० चे पाय पंखांत, चांगले फाकलेले. याच टांकने पुढे बंगळुरात एचएएल या भारतीय विमान कंपनीसाठी 'मारुत' हे लढाऊ जेट विमान केलं. १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. इंजिन मात्र शेवटपर्यंत कमजोरच मिळालं बिचाऱ्याला.