पार्किन्सन : गोळीने चालणे सुधारते, पण वळताना पाय अडकतात. काय करावे?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे असून पार्किन्सनसाठी ते लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा घेतात. गोळी लागू पडली की त्यांची पावले लांब पडतात, हात हलू लागतात आणि तुळशीवृंदावनापर्यंत ते आधाराविना जातात. मात्र परत फिरताना त्यांचे खांदे वळतात आणि पाय जागीच राहतात. न्हाणीच्या दारात तर त्यांना धरावेच लागते. डॉक्टरांना डोस वाढवण्याविषयी विचारावे, की वळण्यासाठी वेगळे काही करावे लागते?

उत्तर (फोंडा, फिजिओथेरपिस्ट)

ताई, तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगावे. लेव्होडोपाने चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी चांगली सुधारते. वळण्याचा वेगही थोडा वाढतो, पण तोल सांभाळण्याचे काम केवळ डोपामिनवर, म्हणजे ही गोळी मेंदूत भरून काढते त्या रसायनावर, चालत नसल्यामुळे तिथे गोळी तितकी पुरी पडत नाही. निरोगी माणूस वळताना आधी नजर, मग मान, मग धड आणि शेवटी पाय असा क्रमाने वळतो, तर पार्किन्सनमध्ये मान आणि धड एकसंध वळते व पाय लहान लहान पावले टाकत मागे राहतात. शिवाय गोळीमुळे चाल वेगवान झालेली असते, म्हणून बरे वाटत असतानाही वळणावर पडण्याची भीती उरतेच.

प्रथम एवढे पाहा, की पाय गोळीचा असर उतरल्यावर अडकतात की भर असरातही. बहुतेकांचे असर उतरल्यावर अडकतात आणि अशा वेळी डोस किंवा वेळा बदलून फरक पडतो. दोन्ही वेळचे, डावीकडे व उजवीकडे वळतानाचे मोबाइल चित्रण करून ठेवावे, कारण तपासणीच्या खोलीत रुग्ण अनेकदा एरवीपेक्षा चांगला चालतो.

उत्तर (साखळी)

माझ्या आईची दुपारची गोळी कधी लागू पडे, कधी नाही. ती हुमण-भात जेवून लगेच गोळी घेत असे. मासळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून व पुढे मेंदूत एकाच वाटेने शिरतात, त्यामुळे औषध मागे पडते, असे डॉक्टरांनी समजावले. आता ती जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घेते. मळमळ झाली तर थोडी पेज पिते. मासळी बंद करू नका, या वयात प्रथिने हवीतच.

प्रश्नकर्ती

तुम्हां दोघांचे मनापासून आभार. गोळीची वेळ आम्ही पाळतो. आज पाहिले, तर भर असरातही ते उजवीकडे वळताना अडकले. डावीकडे मात्र सहज वळले.

उत्तर (फोंडा, फिजिओथेरपिस्ट)

मग केवळ डोस वाढवून हे सुटेलच असे नाही आणि क्वचित वाढीव डोसनेच अडकणे वाढते, म्हणून तो निर्णय पूर्णपणे न्यूरोलॉजिस्टचा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवत असाल, तर झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब तिथे तपासून घ्या, कारण हा आजार आणि ही औषधे या दोन्हींमुळे उभे राहताना तो उतरू शकतो. गोळी स्वतःहून कधीही एकदम थांबवू नका.

वळण्याचा सराव गोळीच्या चांगल्या वेळेत, कोणीतरी शेजारी असताना करावा. एका पायावर गिरकी घेऊ नये; जागा असेल तिथे मोठा अर्धगोल घेत, गुडघे उचलून, मोठ्याने अंक मोजत फिरावे. पाय अडकला तर ओढू नका. त्यांना थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेऊ द्या आणि मग मोठे पाऊल टाकायला सांगा. न्हाणीच्या दारापुढे जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवा, पायपुसणे काढून टाका आणि उजव्या हाताला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या.