लाइट गेली, गेला की गेले?

सांगली-साताऱ्याकडे ‘लाइट गेली’ असे म्हणतात, पुण्या-मुंबईत ‘लाइट गेले’ हेही सर्रास ऐकू येते, आणि गाडी दुरुस्तीला नेणारा माणूस मात्र ‘पुढचा लाइट गेलाय’ असेच सांगतो. यांपैकी शुद्ध रूप कोणते, असे विचारणाऱ्याला एकच उत्तर हवे असते. माझ्या मते तिन्ही रूपे शुद्ध आहेत, कारण तिन्ही ठिकाणी शब्द एकच दिसत असला तरी वस्तू निराळी आहे. उसना शब्द मराठीत रुळताना तो ज्या मराठी शब्दाच्या जागी बसतो, त्याचेच लिंग बहुधा उचलतो. ‘लाइट गेली’ म्हणणाऱ्याच्या मनात वीज असते, ‘लाइट गेला’ म्हणणाऱ्याच्या मनात एक दिवा असतो, आणि ‘लाइट गेले’ म्हणणाऱ्याच्या मनात घरातले सगळे दिवे असतात. ‘दिवे गेले’ हा प्रयोग तर मराठीत आहेच.

आपल्या भागात स्त्रीलिंगी रूप किती पक्के झाले आहे, हे सामान्यरूपावरून कळते. ‘लाइटीचा डांब’, ‘लाइटीचं बिल’, ‘लाइटीवरची मोटर’ ही बोलण्यातली रूपे ‘भिंतीचा’, ‘विहिरीवरची’ यांच्याच वळणाने चालतात. इंग्रजी शब्दाला मराठी विभक्ती इतकी सहज लागत असेल, तर त्याला परका म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. छापील मजकुरात ‘लाइटचे बिल’ असे लिहिण्याची पद्धत आहे आणि तिच्यात चूक काही नाही. पण गावाकडच्या माणसाच्या तोंडी संवाद घालताना लेखकांनी ‘लाइटीचं’ हे रूप टाळू नये, असे मला आग्रहाने वाटते.

शेतीत या शब्दाचा अर्थ आणखी नेमका होतो. वाळवा किंवा पलूस तालुक्यातला शेतकरी ‘या आठवड्यात रात्रीची लाइट आहे’ असे म्हणतो, तेव्हा उजेडाचा काही संबंधच नसतो. शेतीपंपांना आळीपाळीने मिळणारा थ्री फेज पुरवठा या आठवड्यात रात्री मिळणार आहे, त्यामुळे उसाला पाणी पाजायचे तर रात्रीच दारे धरायला जावे लागेल, एवढा सगळा अर्थ त्या चार-पाच शब्दांत असतो. सिंगल फेजवर घरातला दिवा जळत असतानाही तोच माणूस ‘मळ्यात लाइट नाही’ म्हणतो, आणि त्यात विसंगती कोणालाच जाणवत नाही. उजेड देणाऱ्या वस्तूचे नाव अशा रीतीने मोटर फिरवणाऱ्या शक्तीला मिळाले. घरगुती जोडणीत विजेचा मुख्य उपयोग दिव्यासाठीच होता, त्या काळात हे झाले असावे.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजी शब्दकोशात ‘लाइट’ या एकाच लेखनाखाली ‘प्रकाश’ आणि ‘वजनाने कमी’ हे दोन अर्थ पाहून अनेकांना वाटते की एका अर्थातून दुसरा निघाला असेल. तसे नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत आणि उच्चार घासत घासत एकसारखे झाले आहेत. प्रकाशवाचक शब्द लॅटिनमधील ‘लुक्स’ आणि संस्कृतमधील ‘रुच्’ या धातूच्या कुळातला आहे. ‘रुच्’ म्हणजे चमकणे, शोभणे, आवडणे. आपले ‘रुचणे’ आणि ‘रुची’ त्यावरूनच आले. वजनाचा शब्द लॅटिनमधील ‘लेविस’ आणि संस्कृतमधील ‘लघु’ यांचा भाऊबंद आहे. ‘लघु’चे प्राकृतात ‘लहु’ झाले, पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ झाले, आणि त्यातून ‘हळू’ व ‘हलका’ हे शब्द आपल्यापर्यंत आले. म्हणजे ‘लाइट’ आणि ‘हलका’ यांचे नाते भाषांतरापुरते नसून रक्ताचे आहे.

एखाद्या प्रयोगात यांपैकी कोणता शब्द आहे, हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे विरुद्धार्थी शब्द शोधणे. उलट शब्द ‘डार्क’ असेल तर प्रकाशाचा शब्द, ‘हेवी’ असेल तर वजनाचा. या कसोटीने पाहिले तर फिकट रंगाला ‘लाइट’ म्हणताना इंग्रजी माणूस उजेडाचाच शब्द वापरतो. आपण मात्र त्याचे ‘हलका निळा’ असे भाषांतर करून त्याला वजनाच्या बाजूला नेऊन बसवतो. साडीच्या दुकानात ‘जरा लाइटमध्ये दाखवा’ म्हटले की फिकट रंगाची साडी हवी की कमी जरीची, हे दुकानदाराला पुन्हा विचारावेच लागते. मला विचाराल तर रंगासाठी ‘फिका’ आणि ‘फिकट’ हे शब्द असताना ‘हलका’ची गरज नाही.

वजनाचा ‘लाइट’ आपल्या परिसराने दोन ठिकाणी जवळून पाहिला आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. या नावाचा दिव्यांशी काही संबंध नव्हता. अडीच फुटी रूळ आणि एका आसावर पाच टनांचा भार, अशा बेताने आखलेली ती कमी खर्चाची, हलक्या बांधणीची रेल्वे होती. दुसरे उदाहरण साताऱ्यातील असंख्य सैनिकी घरांच्या ओळखीचे आहे: मराठा लाइट इन्फन्ट्री. तिची परंपरा १७६८ पासूनची, आणि केंद्र बेळगावला. इथे ‘लाइट’ म्हणजे अंगावर कमी बोजा घेऊन चपळाईने हालचाल करणारे पायदळ. त्याचे ‘हलके पायदळ’ असे भाषांतर कानाला खटकते, आणि खटकण्याचे कारण ‘हलका’ या शब्दाच्या मराठीतल्या संसारात आहे.

‘हलका माणूस’, ‘हलक्या कानाचा’, ‘हलक्या दर्जाचा’ या प्रयोगांत तुच्छता आहे, तर ‘जीव हलका झाला’, ‘हलक्या हाताने मालीश केली’ यांत दिलासा आणि कौशल्य आहे. इंग्रजीत ‘बोटांनी हलका’ माणूस म्हणजे भुरटा चोर. आपल्याकडे हलक्या हाताची परिचारिका म्हणजे सुई टोचल्याचे कळूही न देणारी. अनुवादकांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. ज्याला चटकन जाग येते त्याची झोप मराठीत ‘सावध’ असते. अलीकडे छापून येणारी ‘हलकी झोप’ मला तरी पटत नाही.

 

राहिला प्रश्न इंग्रजीतल्या ‘अलाइट’ या क्रियापदाचा, म्हणजे वाहनातून उतरण्याचा. त्याचा प्रकाशाशी संबंध लावण्याचा मोह होतो, पण तो शब्द वजनाच्याच घराण्यातला आहे: स्वार खाली उतरला की घोड्याच्या पाठीवरचा भार हलका होतो, या कल्पनेतून ‘उतरणे’ हा अर्थ आला.