मदत हवी आहे: नॅनोकणांच्या मापनात पोस्टडॉक, अर्ज कुठे आणि कसा करावा?

प्रश्न
मटेरियल सायन्समध्ये पीएचडी, थिसिस सबमिट झालाय, व्हायवा बाकी आहे. विषय सोन्याचे नॅनोकण. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आणि डीएलएस (द्रावातल्या कणांचा आकार प्रकाशाच्या प्रकीर्णनावरून मोजणं) येतं. सॅक्सचा, म्हणजे लघुकोन क्ष-किरण प्रकीर्णनाचा, अनुभव नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेची, म्हणजे एनआयएसटीची, एनआरसी, युरोपियन युनियनची मेरी क्युरी आणि जर्मनीची हुम्बोल्ट या फेलोशिपांपैकी कुठे अर्ज करावा? सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) काम केलेलं नसेल तर अडेल का?

प्रतिसाद १
एनआयएसटीची एनआरसी यादीतून काढा, ती फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. हुम्बोल्टला वर्षभर कधीही अर्ज करता येतो, पण पीएचडीला 4 वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा आणि जर्मनीतल्या यजमान संशोधकाचं लेखी आमंत्रण लागतं. मेरी क्युरीची मुदत साधारण सप्टेंबरात संपते. पीएचडीनंतर 8 वर्षांपर्यंत चालतं. मात्र अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. यजमानाशी बोलणी एप्रिल-मेमध्येच सुरू करा, प्रस्ताव दोघांनी मिळून लिहायचा असतो.

प्रतिसाद २
सिंक्रोट्रॉनवाचून अडत नाही. सॅसव्ह्यू हे सॅक्सच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, खुल्या डेटावर फिटिंग (मोजलेल्या वक्राशी मॉडेल जुळवणं) शिकून घ्या. भारतातच हात बसवायचा असेल तर इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर सॅक्सची बीमलाइन (मापन केंद्र) आहे, गाइडमार्फत प्रस्ताव पाठवा. मापनाच्या लॅबमध्ये तुम्ही किती यंत्रं हाताळलीत यापेक्षा आलेला आकडा कशावरून खरा मानता, हे बघतात.

धागाकर्ता
माझी तिथेच पंचाईत आहे. एकाच सॅम्पलचा आकार टीईएमने 12 नॅनोमीटर, शेररच्या सूत्राने (एक्सआरडीतल्या शिखराच्या रुंदीवरून) 7 आणि डीएलएसने 22 आला. अर्जात कुठला देऊ?

प्रतिसाद २
तिन्ही द्या! तुमच्याकडची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे. टीईएम एकेक कण मोजतो, म्हणून किती कण मोजले ते लिहा. शेरर कणाचा नाही, स्फटिक-क्षेत्राचा आकार देतो. सोन्याच्या कणांत जुळे स्फटिक सर्रास असतात, म्हणजे एका कणात अनेक क्षेत्रं, म्हणून 7. पण आधी खात्री करा: यंत्रामुळे येणारी शिखराची रुंदी एलएबी6 या प्रमाण नमुन्यावर मोजून वजा केली का? नसेल तर आकार खऱ्यापेक्षा लहान येतो. डीएलएसमध्ये कणाला चिकटलेले लिगंड रेणू आणि द्रावकाचा थर धरला जातो. शिवाय प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानं वाढते, त्यामुळे थोडेसे गुठळी झालेले कणही सरासरी वर ओढतात. सॅक्ससुद्धा मोठ्या कणांकडेच झुकतं, तेव्हा त्याचा आकडा थेट टीईएमशेजारी मांडू नका. आधी आकाराचं वितरण काढा.

सॅक्स मिळालंच तर क्यू-अक्षाच्या (प्रकीर्णनाच्या कोनाचं माप) अंशांकनासाठी सिल्व्हर बेहेनेट (थरांमधलं अंतर 5.838 नॅनोमीटर) आणि निरपेक्ष तीव्रतेसाठी एनआयएसटीचा ग्लासी कार्बन हा प्रमाण नमुना वापरा. पार्श्वभूमी त्याच केशनळीत नुसता द्रावक भरून घ्या आणि ट्रान्समिशनने (नमुन्यातून आरपार गेलेल्या किरणांच्या प्रमाणाने) दुरुस्त करूनच वजा करा. इथे चूक झाली तर वक्राचं शेपूट बिघडतं आणि फिटिंगमध्ये नसलेले बारीक कण दिसू लागतात.

यजमानाला ईमेल एका पानाचा, त्यात या तीन आकड्यांचा एकच आलेख आणि त्याखाली त्यांच्या कुठल्या उपकरणावर पुढे काय मोजणार, ते दोन ओळींत.